मौजे इस्लापूर, तालुका बोथ

मराठवाड्यातल्या माणसाला पूर्वज वर्षातून एकदा पितृपंधरवड्यात आठवतात आणि आयुष्यातून एकदा जात पडताळणीच्या वेळी. पितृपंधरवड्यात भटजी तीन पिढ्यांची नावं विचारतात. वडिलांचं नाव झटकन येतं, आजोबांचं जरा थांबून येतं आणि पणजोबांपाशी गाडी आली की यजमान बायकोच्या तोंडाकडे बघू लागतो. ती बिचारी दुसऱ्या घरातून आलेली, ती काय सांगणार? पण धर्मशास्त्र कनवाळू आहे. गोत्र आठवत नसेल तर काश्यप म्हणून मोकळे व्हा, अशी त्यात सोय आहे. नावाचंही भटजी कसंबसं निभावून नेतात आणि कावळा कागदपत्रं न मागता घासाला शिवतो. पडताळणीच्या टेबलामागचा कावळा मात्र इतक्या सहजी शिवत नाही.

त्याला पुरावा लागतो आणि तोही ठरल्या तारखेच्या आधीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आमच्या भागातल्या कॉलेजच्या पोरांना पानिपतची लढाई कधी झाली ते विचारा, निम्मी अडखळतील. यांतली आपापली तारीख मात्र प्रत्येकाला पाठ असते. बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच शोध सुरू होतो : आजोबा शाळेत गेले होते का? आजोबा शेळ्यांमागं गेले होते. मग पणजोबांच्या मरणाची तरी कुठं नोंद आहे का?

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हा तर सगळा मुलूखच पणजोबांच्या शोधात निघाला. वर्षानुवर्षं न सुटलेल्या बस्त्यांच्या गाठी सुटल्या. मोडी वाचणाऱ्यांना आणि उर्दू-फारसी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. ज्या निवृत्त उर्दू गुरुजींना घरात चहा दोनदा मागावा लागायचा, त्यांच्या दारात जीपगाड्या उभ्या राहू लागल्या. आयुष्यभर शिकवलेल्या विषयाला असे दिवस आलेले बघायला मिळणं, हे शिक्षकाच्या नशिबी क्वचितच येतं.

मला स्वतःला कुठलाच दाखला नको होता. माझं कुतूहल वेगळं होतं. आमचे पणजोबा वाघाशी झुंजताना गेले, अशी आमच्या घरात कथा आहे. झुंज सहस्रकुंडाच्या अलीकडच्या जंगलात झाली म्हणतात. आजोबा सांगायचे तेव्हा वाघ साधा वाघ होता. वडिलांच्या तोंडी तो नरभक्षक झाला. चुलत्यांनी त्याची वाघीण केली आणि तिच्यामागं दोन पिल्लं सोडली. माझ्या पिढीला त्यात भर घालायला जागाच ठेवली नव्हती, म्हणून मी पुराव्याच्या मागं लागलो. आत्यानं ऐकून कपाळाला हात लावला. “कशाला उकरून काढायलास रे? मेलेली माणसं सुखानं पडलीत, पडू दे की!”

उकरायला तरी काय होतं म्हणा. ख्रिस्ती किंवा मुसलमान माणसाला निदान कबर असते, लिंगायताला, गोसाव्याला समाधी असते. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडायची आणि पैनगंगेत सोडायची. ऐपत असली तर नांदेडला जाऊन गोदावरीत. पाणी पुढं आंध्रात जातं आणि आपण घरी येतो. दगडावर नाव कोरून ठेवायची पद्धत नाही. उरतो तो कागद.

आणि कागदाची गोष्ट आमच्या गावापुरती जरा अवघड आहे. इस्लापूर म्हटलं की पुण्या-मुंबईचा माणूस हटकून विचारतो, “सांगलीजवळचं का?” ते इस्लामपूर. आमचं नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात. सहस्रकुंडाचा धबधबा जवळ असल्यामुळे पावसाळ्यात लोक आम्हाला ओळखतात, एरवी नाही. पण संसदेनं एकदा आमच्या गावाचं नाव घेतलेलं आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात हैदराबाद राज्यातले जिल्हे घाऊक भावानं इकडचे तिकडे झाले. औरंगाबाद, परभणी, बीड, उस्मानाबाद एका दमात मुंबई राज्याला दिले. आदिलाबादेतून काय काढून द्यायचं ते मात्र नाव घेऊन सांगावं लागलं : किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल. देशाच्या कायद्यात एका सर्कलीची अशी जातीनं नोंद झाली, याचा आम्हाला अभिमान वाटायला हरकत नव्हती. पण गावात हे फारसं कुणाला माहीत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आम्ही मौजे इस्लापूर, तालुका बोथ, जिल्हा आदिलाबाद होतो. त्या दिवशी मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. गाव जागचं इंचभर हललं नाही. त्याच पारावर बसून माणसांनी निजाम बघितला, मुंबई बघितली आणि महाराष्ट्र बघितला. बोथ आता तेलंगणात आहे. गाव इकडे आलं तसे त्याचे सगळे जुने कागदही बैलगाडीत बसून मागोमाग आले असतील, असं कोण म्हणेल? एका कचेरीत गेलं की “तुमचं तिकडं असेल” म्हणतात. तिकडं गेलं की “तुमचं तर छप्पनलाच गेलं” म्हणतात. गंमत अशी की दोघंही खरंच बोलत असतात. बरं, शेजारचं गाव शोधावं तर तिथंही पंचाईत. हिमायतनगरला म्हातारी माणसं अजून वाढोणाच म्हणतात. आजच्या पोरांच्या पणतवंडांनी काय करावं हा पुढचा प्रश्न आहे. त्यांना कुणीतरी सांगावं लागेल की औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर किंवा उस्मानाबाद आणि धाराशिव ही वेगवेगळी गावं नव्हती.

सांगायचं म्हणजे, अखेर एका ठिकाणी मला हवा तो बस्ता सापडला. लाल फडक्यात बांधलेला. गाठ सोडल्याबरोबर जो वास आला त्यात कसर, उंदीर, डिंक आणि निजामाची राजवट असं सगळंच होतं. आत लांबट रजिस्टर. पानांचे कोपरे विरून गेलेले, मधला भाग शाबूत. कपाळावर उर्दूत पैदाईश व अमवात, म्हणजे जन्म आणि मृत्यू. खाली उभे खाने : तारीख, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, कौम, उमर, मरणाचं कारण. एक माणूस, एक ओळ. शेतकऱ्याला एक आणि देशमुखालाही एकच. जिवंतपणी जी समता गावात कुणाला दिसली नसेल, ती पोलीस पाटलानं मेल्यावर रूळ मारून आखून ठेवली होती.

माझ्याबरोबर असेच एक उर्दूचे गुरुजी होते. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी रजिस्टर डोळ्यांशी नेलं आणि दख्खनीत सुरू झाले, “अरे क्या आदमी है ये! नुक्तेच नहीं डाला. अब मैं क्या पढूं?” नुक्ता म्हणजे टिंब. उर्दूत ब, प, त, न या अक्षरांचं अंग शब्दात जोडलं की एकसारखं दिसतं, फरक टिंबांचा. वर एक की न, वर दोन की त, खाली एक की ब, खाली तीन की प. सावकाश लिहिणारा टिंबं देतो. सरकारी लिहिणारा घाईत असतो, तो शिकस्त वळणात टिंबं गाळून पुढं जातो. मग बाबा आणि नाना एकच दिसतात. बाबाराव मेला की नानाराव मेला, हे कळायला मार्ग नाही. घरात बाबा आणि नाना असे दोन सख्खे भाऊ असले तर कुणाच्या नावावर मरण टाकायचं, ते वाचणाऱ्याच्या मर्जीवर. गुरुजी अशा वेळी विचारायचे, “तुमको कौन होना?” मी म्हणायचो, “गुरुजी, जो असेल तो.” त्यांना हे उत्तर नवीन होतं. येणारे बहुतेक लोक त्यांना हवा असलेला माणूस आधी ठरवूनच येत.

उर्दूची ही तऱ्हा, तर पटवाऱ्याच्या दप्तरातली मराठी मोडीत. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतो आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत सुटतो. शब्द कुठं संपला हे सांगायची त्याला गरज वाटत नाही. आपल्याला कळलं, म्हणजे जगाला कळलं. ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही, एवढ्या एका कारणासाठी शाळेतली पोरं ही लिपी आनंदानं परत घेतील. शाळांतून ती १९५० च्या सुमारास गेली. मोडी घडाघडा वाचणारी पिढी त्यानंतर हळूहळू त्याच रजिस्टरांत जाऊन बसली.

नाव लागलं की तारीख. हैदराबाद संस्थानात फसली साल चालायचं. ते आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. फसली आकड्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण तो डिसेंबरपर्यंतच. जानेवारी उजाडला की ५९१ मिळवायचे. आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशी महिन्यांची नावं थेट इराणातून आलेली. आमच्या गावचा माणूस पोळ्याची पुरणपोळी खाऊन गेला तरी दप्तरात तो मेहेर महिन्यात जायचा. आणि पैनगंगा ओलांडली की हे सगळं बदलायचं. पलीकडे वऱ्हाड. तिथं १८५३ पासून इंग्रजांचा कारभार, इंग्रजी तारखा आणि कोतवाल बुक. इकडे मराठी कागदावर पुरुष ‘पि.’ लावून बापाचा आणि बाई ‘भ्र.’ लावून नवऱ्याची. तिकडे तोच पुरुष वल्द आणि तीच बाई जौजे. सोयरीक काही नदी बघून होत नाही. पलीकडची पोर अलीकडे दिली की तिचा जन्म इंग्रजी महिन्यात आणि मरण इराणी महिन्यात. दोन्हींच्या मधलं आयुष्य तिनं चैत्र-वैशाखात काढलेलं असायचं, पण त्याचा कुठं खाना नव्हता.

हे दुखणं आपलंच आहे असं समजून मी बरेच दिवस मराठवाड्याच्या नशिबाला बोल लावत होतो. मग इंग्लंडातल्या लोकांचं वाचलं आणि बरं वाटलं. तिथं १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला, की प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. त्या वह्या आज लोक भिंग लावून वाचतात. त्यांचंही साल १७५२ पूर्वी २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारीत मेलेला माणूस कुठल्या सालात धरायचा यावर घोळ. त्या १७५२ मध्ये तर २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. मधल्या तारखांना इंग्लंडात कुणी मेलंच नाही. शिवाय सतराव्या शतकात त्यांनी कायदा केला, की प्रेताला लोकरीच्याच कापडात पुरायचं. देशातल्या लोकरीचा खप वाढावा म्हणून! तसं पुरल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागायचं आणि पाद्री ते वहीत टिपायचा. मेलेल्या माणसाकडूनही उद्योगाला हातभार घ्यायचा, हे निजामाच्या कुणा दिवाणाला सुचलं नाही. गोव्यातल्या माणसाचंही तेच. त्याचे पूर्वज चर्चच्या वह्यांत पोर्तुगीज वळणात निजलेले. म्हणजे आपला पणजा वाचता न येणं ही जगभरची गोष्ट आहे; लिप्या तेवढ्या वेगळ्या.

दिवसभर रजिस्टर चाळलं की काही गोष्टी आपोआप ध्यानात येतात. एक म्हणजे कुणीच त्रेपन्नाव्या किंवा सत्तेचाळिसाव्या वर्षी मरत नाही. सगळे पंचेचाळीस, पन्नास, साठ. पाटलानं मयताच्या तोंडाकडे बघून अंदाज केला आणि लिहिला. दुसरी गोष्ट नावांची. आडनाव लिहायची रीत नाही आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत पक्की. त्यामुळे मारोती पि. ग्यानबा, त्याचा मुलगा ग्यानबा पि. मारोती, त्याचा मुलगा पुन्हा मारोती पि. ग्यानबा. तीन पिढ्या दोनच नावांत भागल्या. कोणता मारोती आपला, ते नुसत्या नावावरून सांगणं ब्रह्मदेवालाही शक्य नाही. तिसरी गोष्ट मात्र बघताना हसू येत नाही. दगडू, धोंडिबा, भिकू, केरबा, उकंडा. आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्याला असं टाकाऊ नाव ठेवायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडत नाही. एखाद्या घरात धोंडिबा दिसला की समजावं, त्याच्या आधी त्या घरात एक-दोन पाळणे रिकामे झालेत. त्यांची ओळ रजिस्टरात असेलच असं नाही. धोंडिबाचं नाव हीच त्यांची नोंद.

आणि मरणाचं कारण. पानामागून पान एकच शब्द : ताप. मधूनमधून पटकी, देवी, जुलाब, कुठं साप, कुठं विहीर. बाकी सगळा ताप. हिवताप, विषमज्वर, न्युमोनिया, बाळंतरोग, काय वाट्टेल ते असो, पाटलाच्या दृष्टीनं अंग तापलं आणि माणूस गेला. त्याला डॉक्टर म्हणून नेमलेलं नव्हतं. वाघ म्हणाल तर त्या रजिस्टरात तो कुठंच भेटला नाही. आमच्या भागातल्या निम्म्या घराण्यांचे पूर्वज वाघानं नेलेले आहेत. कागदावर मात्र बहुतेकांना तापानंच नेलंय.

आमचा मारोती सापडला तो आबान १३२७ च्या पानावर. मारोती पि. ग्यानबा, उमर पंचेचाळीस, ताप. हा आपला कशावरून, असं मी विचारणार तोच गुरुजींनी बोट खाली सरकवलं. चार ओळी सोडून त्याच घरची बाई. पुढच्या पानावर आजूर १३२८, तिथं त्याच घरचं लेकरू. ते पान भरगच्च होतं. एरवी महिन्याला चार-दोन ओळी लिहिणारा हात इथं एकाखाली एक ओळी ओढत गेलेला, शाई पुरवायला पाणी घातल्यासारखी फिकट, आणि कारणाच्या खान्यात वरच्या ओळीत एकदा ताप लिहून खाली पानभर नुसत्या आडव्या रेघा. तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला असेल किंवा धीर झाला नसेल. गुरुजी काही बोलले नाहीत. मी कागदावर बेरीज केली. १३२७ ची अखेर आणि १३२८ ची सुरुवात, म्हणजे १९१८ चा सप्टेंबर-ऑक्टोबर.

तो ताप साधा नव्हता. महाराष्ट्रात त्याला मानमोडी म्हणत. पहिल्या महायुद्धातून आलेली इन्फ्लुएंझाची साथ. मुंबई बंदरातून ती आत शिरली आणि रेल्वेनं, बाजारानं, पायवाटेनं खेडोपाडी पोचली. त्यात त्या वर्षी पाऊस पडला नव्हता. हिंदुस्थानात सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत माणसं दगावल्याचे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायची सोडून घटली. जनगणना सुरू झाल्यापासून असं दुसऱ्यांदा कधी झालेलं नाही. एवढी मोठी गोष्ट आमच्या घरातून गेली आणि आमच्या घरात तिचा उच्चारही नव्हता. वाघ होता.

मग हळूहळू उलगडा होत गेला. आजोबा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे असतील. बाप, माय आणि पाठचं भावंड महिन्याभरात गेलेलं त्यांनी बघितलं. ते नदीपलीकडे मामाकडे वाढले. त्यांच्या बोलण्यात वऱ्हाडी वळण का होतं, याचं उत्तर आम्हाला कधी मिळालं नव्हतं. पुढं लेकरांनी विचारलं असेल, की बाबा, तुमचे बाबा कसे गेले? त्यावर त्यांनी वाघ आणला. वाघ सांगता येतो. पोरं डोळे मोठे करून ऐकतात आणि पुन्हा सांगा म्हणतात. त्या पानावर जे लिहिलंय ते पुन्हा सांगा असं कुणी म्हणत नाही.

घरी आल्यावर मी हे सगळं चुलत्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, “तो दुसरा कुणी मारोती असेल.” वाघिणीची दोन्ही पिल्लं सुखरूप आहेत.

मला रुखरुख लागली ती त्या चार ओळी खालच्या बाईची. तिच्या नावाच्या खान्यात नाव नव्हतंच. मारोतीची बायको, एवढंच. उमर चाळीस, ताप. पानावरच्या बहुतेक बायकांचं असंच होतं. कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची बेवा. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं मानही वर केली नाही. “यमुना,” ती म्हणाली. मी म्हटलं, “तुला कसं माहीत?” “माझं नाव काय?” आम्ही तिला जन्मभर अक्का म्हणत आलो. रेशनकार्डावर यमुनाबाई आहे. “बाबानं माझं नाव त्याच्या मायचं ठेवलं. सारखं म्हणायचा, माझ्या मायला हाक मारल्यासारखं वाटतं.” मी बस्ते धुंडाळत होतो ते नाव सकाळ-संध्याकाळ चुलीपुढं बसून आम्हाला चहा देत होतं.

किनवटच्या डोंगरातल्या राजगोंडांनी हे काम कागदावर कधी सोडलंच नाही. त्यांचे प्रधान किंगरी वाजवून कुळाची कथा गातात आणि मयताच्या विधीत त्यांना मान असतो. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ चाळीसच्या दशकात आदिलाबादेत राहिले. १९४८ मध्ये निघालेल्या त्यांच्या ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ या ग्रंथाच्या अभ्यासात ही प्रधान मंडळी महत्त्वाची आहेत. बंजाऱ्यांच्या तांड्यांत ढाडी आणि भाट वंशावळ सांगतात. नाशिक-त्र्यंबकचे, काशी-गयेचे पंडे गाव आणि आडनाव विचारून नामावळीची वही उघडतात आणि पणजोबांच्या हातची खूण दाखवतात. पण त्यासाठी पणजोबांनी काशीला गेलेलं असायला लागतं. आमचे लांबात लांब माहूरपर्यंत गेले असतील. आणि माहूरला रेणुकामाईच्या पायऱ्या चढताना दम लागतो, तिथं वहीत सही करायचं कुणाच्या ध्यानात राहतं?

तर माझा अनुभव एवढाच सांगतो की रजिस्टर आपल्याला माणूस मेल्याचं सांगतं आणि ते चोख सांगतं. त्याला ना वाघाचा मोह, ना घराण्याचा. त्या पाटलाला आपण कधी जन्माला येऊ आणि भिंग घेऊन त्याची ओळ वाचत बसू, याची कल्पना नव्हती. म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. पण तो माणूस कुणाला लाडका होता, त्याची बायको कुठली होती, त्याचं पोर कुणी वाढवलं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं लिहिलंही नाही. ते घरातल्या माणसांकडे असतं आणि ती माणसं आपल्याला चहा देत असतात तोवरच मिळतं.

आता महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू आहे. नोंद ग्रामपंचायतीत होते, २१ दिवसांच्या आत केली तर पैसे पडत नाहीत. महिने इराणी नाहीत, टिंबं संगणक देतो. तरी घरी एक वही करा. तीत बाईचं नाव आधी लिहा, मग नवऱ्याचं. तिचं माहेर लिहा, कारण सरकारी फॉर्मात त्याला अजूनही खाना नाही. गाव लिहाल तेव्हा त्या वेळचा तालुका आणि जिल्हा लिहा, पुढं बदलणारच आहे. आणि घरात कुणाचे पणजोबा वाघानं नेले असतील तर तेही लिहा. फक्त कंसात साल टाका, म्हणजे पुढच्या माणसाला ५९० मिळवायचे की ५९१ एवढंच बघायला लागेल.